एशियाडची घुमटी

कुत्र्याला थंडी वाजते, ही गोष्ट हिप्परवाडीत प्रथम राजेश्वरीनं उघडकीस आणली. त्याआधी गावात कुत्री पुष्कळ होती आणि थंडीही दरवर्षी नेमानं पडत होती. पण या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

कुत्र्याचं नाव एशियाड. राजेश्वरीचे वडील सोमलिंगअप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हे पिल्लू कुठल्याच दारापुढं थांबत नाही, सुसाट निघून जातं, हे पाहून त्यांनी त्याला एसटीच्या कमी थांब्यांच्या गाडीचं ते नाव दिलं होतं. आता वयोमानानं एशियाडची साधी गाडी झाली होती. तो प्रत्येक खांबाला थांबायचा. अप्पा बारमास ओसरीवर बाजेवर झोपत आणि एशियाड बाजेखाली. वरच्या गोधडीची कड खाली लोंबायची, तेवढ्यात त्याचं भागायचं. भाद्रपदात अप्पा गेले. रीतीप्रमाणं त्यांची बाज, गादी, गोधडी आणि छत्री मठाच्या स्वामींना दान दिली. दान देताना अप्पा गेले हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. बाजेखालचा भाडेकरू बेघर झाला, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दिवाळी सरली आणि उत्तरेचं वारं सुटलं. एशियाड ओसरीच्या उघड्या फरशीवर मुटकुळं करून पडू लागला. सकाळी उठताना त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या बऱ्याच मागून यायचे. राजेश्वरीनं जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, "वय झालंय. सांधे धरलेत. फरशीवर झोपू देऊ नका. एखादी कडक लाट आली तर मी काही सांगू शकत नाही."

राजेश्वरी पुण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि साठलेली सगळी रजा टाकून आईजवळ राहिली होती. या घरातून यंदा आणखी कुणाला जाऊ द्यायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. ठरवलं ते कुणाला सांगितलं नाही.

सोपा उपाय म्हणजे कुत्र्याला घरात घेणं. तो तिनं नीलम्माला, म्हणजे आईला, सुचवून पाहिला.

"घरात लिंगपूजा हाय," नीलम्मा म्हणाली. "कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. तुझ्या अप्पांनीबी कधी आणलं न्हाय."

"अप्पा स्वतःच बाहेर झोपायचे, अव्वा."

"कुणामुळं झोपायचे? मी किती म्हणलं, थंडी हाय, आत या. म्हणायचे, ते एकटं पडतंय."

मग राजेश्वरीनं ग्रंथपालानं करावं तेच केलं. ती वाचायला बसली. थंडीत कुत्र्यानं बाहेर कसं झोपावं, या विषयावर जगात बरंच लिहून ठेवलेलं आहे. ज्या देशांत कुत्र्यांना आडनावं असतात, तिथल्या लोकांनी ते लिहिलंय. त्यांच्या मते कुत्र्याचं घर ऐसपैस नसावं. तो उभा राहील, वळेल आणि अंग चोरून झोपेल एवढंच असावं, म्हणजे त्याच्याच अंगाच्या उबेनं ते गरम राहतं. जमिनीपासून उचललेलं असावं. दार ठेंगणं आणि वाऱ्याला पाठ करून असावं. छप्पर उतरतं असावं. आत चादर-पोतं घालू नये, ते ओल धरतं. भाताचा कोरडा पेंढा घालावा. पैकी पेंढा धाराशिव जिल्ह्यात मिळत नाही. इथं भात शिजतो, पिकत नाही.

शेजारच्या शरणम्माला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं पेंढा न्हाय तर सोयाबीनचं भुसकट घाल की. आमच्याकडं ढीग पडलाय." राजेश्वरीनं घातलं. सोयाबीनच्या भुसकटात उबेबरोबर खाजही असते, हे शरणम्माला ठाऊक होतं. पण तिला ते कुणी विचारलं नव्हतं. एशियाडनं पुढचे काही दिवस थंडी विसरून अंग खाजवण्यात घालवले, तेव्हा शरणम्मा कुंपणावरून म्हणालीच, "बघ, कसा गरम झालाय."

समोरच्या घरात महांतप्पा गुरुजी राहत. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण ते शाळेतून. बाकीच्या गावातून नव्हे. त्यांनी स्वेटरचा तोडगा काढला आणि नातवाचा लाल स्वेटर दिला. तो घालून एशियाड गल्लीतून निघाला, तर ज्या कुत्र्यांबरोबर त्यानं सगळी हयात काढली होती त्यांनी त्याला ओळखलं नाही. परक्या गावचा कुणी पुढारी आल्यासारखी सगळी भुंकत मागं लागली. मारुतीच्या पारापर्यंत पाठलाग झाला. स्वेटरची एक बाही अजून तिथल्या बाभळीला आहे.

तेव्हा राजेश्वरीनं ठरवलं, की घर बांधायचं, वीट-सिमेंटचं आणि कायमचं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. तिनं चूक केली ती यापुढं: ती परवानगी मागायला ग्रामपंचायतीत गेली.

हिप्परवाडी नळदुर्गहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावात ज्याला जे बांधायचं ते तो बांधतो आणि मग बघू म्हणतो. कुणी ओटा पुढं आणतो, कुणी रस्त्यात जिना उतरवतो. परवानगी मागायला आपल्या पायांनी आलेलं माणूस ग्रामसेवकांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि कार्यालयाचं दार लोटून घेतलं.

"म्याडम, बोला. काय बांधायचंय?"

"कुत्र्याचं घर."

"गोठा म्हणा. गोठ्याला योजना आहे. शौचालयाला आहे. कुत्र्याला नाही."

"मला योजना नको. अंगणात, रस्त्याच्या बाजूला, दोन-तीन फुटांचं बांधकाम आहे. उगाच नंतर तक्रार नको, म्हणून विचारायला आले."

ग्रामसेवक खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, कुत्र्याच्या घराला कुणी परवानगी मागत नसतंय. खरं काय बांधताय?"

"कुत्र्याचं घर."

"बरं, बरं." ते समजल्यासारखं हसले. "माझ्या कानावर तुम्ही कुत्र्याचं घर घातलं. मी ऐकलं. पुढं माझे डोळे मिटलेले."

राजेश्वरी घरी आली ती प्रामाणिकपणाचं समाधान घेऊन. त्या समाधानाची किंमत तिला लवकरच कळणार होती.

गवंडी म्हणून गुंडाप्पा आला. पंचक्रोशीतल्या समाध्या, घुमट्या आणि वेशीवरची लहान देवळं यांत त्याचा हात कुणी धरत नसे. एकदा त्यानं एकाचा बंगला बांधला होता. तो बंगलाही लांबून देवळासारखाच दिसतो आणि मालकाला अजून दारात चपला सापडतात. राजेश्वरीनं त्याला कागदावर सगळं काढून दाखवलं.

"चौथरा पाहिजे, जमिनीपासून वर."

"चौथऱ्याबिगर कसं चालंल?" गुंडाप्पा म्हणाला.

"आत जागा जास्त नको. लहानच बरं."

"लहानच असतंय."

"दार ठेंगणं. वाकूनच आत तोंड घालता आलं पाहिजे."

"वाकलंच पाहिजे," गुंडाप्पा गंभीरपणे म्हणाला. "म्होरं ताठ मानेनं कोण जातंय?"

"छपराला उतार. पाणी चारी बाजूंनी गळून गेलं पाहिजे. आणि दार दक्षिणेला, रस्त्याकडं. उत्तरेचं वारं लागायला नको."

इथं मात्र गुंडाप्पाचा हात थांबला. "दक्षिणेला?" तो म्हणाला. मग त्यानं टोपी काढली. "बरोबर हाय, अक्का. माणूस तिकडंच गेलाय."

कुठला माणूस, हे राजेश्वरीनं विचारायला पाहिजे होतं. पण कागदावरचा सगळा बेत एका गवंड्यानं एकही शंका न काढता मान्य केला, या आनंदात ती होती. चांगल्या कुत्राघराची जेवढी लक्षणं पुस्तकात दिली आहेत तेवढी सगळी घुमटीची आहेत, हे त्या पुस्तकवाल्यांनाही ठाऊक नसावं.

चौथरा झाला, भिंती कमरेएवढ्या आल्या आणि राजेश्वरीला आईला घेऊन धाराशिवला जावं लागलं. अप्पांची पेन्शन नीलम्माच्या नावावर करायची होती. अप्पा गेल्याचा दाखला दोघींकडं होता. तिथं नीलम्मा असल्याचा दाखला मागत होते. नीलम्मा समोर उभी होती, पण पुरावा म्हणून ती चालत नव्हती. त्यात मुक्काम लांबला. परत येऊन दोघी रिक्षातून उतरल्या, तेव्हा अंगणात कुत्र्याचं घर नव्हतं.

तिथं शिखर होतं. शिखराला कंगोरे होते, त्यावर पितळी कळस होता. भिंतींना पांढरा रंग, दाराच्या कमानीला भगवा पट्टा, आणि राजेश्वरीनं दारावर लावायला म्हणून गोणपाटाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या त्या जागी जरीच्या काठाचा पडदा. पडद्यापुढं नारळाची करवंटी आणि विझलेली उदबत्ती. चौथऱ्याच्या कडेला, उघड्या मातीवर, एशियाड झोपला होता.

"गुंडाप्पा, हे काय केलंत?"

"कळस माझ्याकडनं," गुंडाप्पा म्हणाला. "तेच्या पैशाचं नाव काढायचं न्हाय. माझी बायको अडली व्हती तवा अप्पांनी सोलापूरची गाडी दाबून धरली व्हती. डायवर शिव्या देत व्हता. अप्पा म्हणले, पेशंट आल्याबिगर घंटी वाजणार न्हाय. अप्पांच्या कामात म्या हात आखडता घेत नसतो."

"अहो, पण हे अप्पांचं नाही! हे कुत्र्याचं घर आहे!"

गुंडाप्पानं इकडं तिकडं पाहिलं आणि एक डोळा मिटला. "व्हय. कुत्र्याचंच हाय."

"खरंच कुत्र्याचं आहे."

"मग म्या काय म्हणतोय? ग्रामसेवकानं विचारलं तर म्याबी तेच सांगणार. अक्का, शिकल्याचा उपेग झाला बघा. आमाला असं डोकं चाललं नसतं."

झालं होतं ते असं. अप्पांना माती दिली ती ओढ्यापलीकडच्या शेतात. तिथं जायला धड वाट नाही. तेव्हा शिकलेली मुलगी घरापुढं वडिलांच्या पादुका मांडणार आणि रस्त्यालगत धर्माचं बांधकाम म्हणून कुणी अडवू नये यासाठी पंचायतीत कुत्र्याचं नाव सांगून आली, असा निष्कर्ष गावानं एकमतानं काढला होता. वडिलांसाठी मुलगी खोटं बोलते हे गावाला पटण्यासारखं होतं. कुत्र्यासाठी मुलगी वीट-सिमेंट आणते, हे पटण्यासारखं नव्हतं.

यानंतर राजेश्वरी खरं बोलत सुटली. तिनं शरणम्माला सांगितलं, शरणम्मा म्हणाली, "माझ्या तोंडून ब्र निघायचा न्हाय." तिनं महांतप्पा गुरुजींना सांगितलं, गुरुजी म्हणाले, "तुझ्या वडिलांनाही प्रसिद्धीचा असाच तिटकारा होता." शेवटी तिनं पाटी लावली: 'येथे कुत्रा राहतो.' लोकांनी ती वाचली आणि कुत्रा नेईल म्हणून चपला आणखी लांब काढून ठेवू लागले.

एक दिवस भरदुपारी तिनं आत कडब्याची बारीक कुट्टी पसरली. शेवटी पेंढ्याला पर्याय म्हणून तीच बरी ठरली होती. मग एशियाडला मागून ढकलत ती दारापर्यंत घेऊन गेली. त्याचं डोकं आत गेलं तेवढ्यात समोरून गुरुजी काठी घेऊन धावत आले. एशियाड आधीच नाराज होता. तो आनंदानं मागं फिरला. गुरुजींनी कुट्टी झाडून काढली, ती शरणम्माच्या म्हशीला घातली आणि संध्याकाळच्या आत दाराला लोखंडी जाळी बसवली. "मुकं जनावर आहे, त्याला पावित्र्य कळत नाही," ते म्हणाले. राजेश्वरीकडं बघून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

घुमटीला भक्त मिळायला वेळ लागला नाही. अप्पांनी जन्मभरात किती गाड्या कुणासाठी थांबवल्या होत्या, हे राजेश्वरीला आता कळू लागलं. परीक्षेला निघालेली मुलं, आजारी म्हातारी, लग्नाला चाललेलं अख्खं वऱ्हाड. एक जण तर म्हणाला, "माझं सासरच अप्पांमुळं टिकलं." त्याचा तपशील त्यानं सांगितला नाही. तुळजापूरला चालत जाणारी माणसं रस्त्यावरून आत वळून हात जोडू लागली. त्यांना अप्पा ठाऊक नव्हते, पण कळस दिसला की हात आपोआप जुळतात. गाडीत जागा मिळावी म्हणून इथं नारळ फोडावा, असा लौकिक झाला. एका बाईला लगेच खिडकीची जागा मिळाली, म्हणून तिनं पेढे वाटले.

राजेश्वरी ओसरीवर बसून हे बघायची. वडिलांविषयी इतकं चांगलं बोललं जात असताना मुलीनं उठून 'कृपया हात जोडू नका, इथं कुत्रा झोपायचा आहे' असं म्हणणं फार अवघड असतं. रोज ती उठायची आणि रोज कुणीतरी नवी गाडी थांबल्याची गोष्ट सांगायचं आणि ती परत बसायची. उत्तरेचं वारं रोज थोडं वाढत होतं. एशियाडला खोकला झाला. घुमटीच्या आत, जाळीमागं, वारं न लागणारी, जमिनीपासून उचललेली, अगदी त्याच्या मापाची जागा मोकळी होती. तिथं एक समई उबेला बसलेली होती.

ग्रामसेवकांनी एकदा चक्कर टाकली. "म्याडम, हे वाढायला लागलंय. रस्त्यालगत प्रार्थनास्थळ म्हणून वर तक्रार गेली तर पाडावं लागंल."

"पाडू नका. ते कुत्र्याचं घर आहे."

"मग कुत्रं ठेवा ना त्यात."

"ठेवू देत नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं. पादुकांच्या जागी कुत्रं ठेवलं तर भावना दुखावतील. मग मला पोलीस बोलवावं लागंल." त्यांनी कळसाला नमस्कार केला. "तुम्ही लवकर काय ते एक ठरवा."

ठरवलं ते गुरुजींनी. सोमवारी सकाळी स्वामींच्या हस्ते पादुका बसवायच्या. रविवारी लाट आली. सोमवारी पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवेना, इतका गारठा पडला. राजेश्वरीनं भाकरी दुधात कुस्करून थाळीत घातली. एशियाड चौथऱ्याच्या आडोशाला पडला होता. त्यानं डोकं उचललं, थाळीकडं पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. भाकरीला तो आजवर कधी नाही म्हणाला नव्हता. तिनं आपली शाल त्याच्या अंगावर टाकली. शालीखाली तो थरथरत होता आणि मग बराच वेळ थरथरला नाही, तेव्हा ती जास्त घाबरली.

तोवर अंगणात सतरंजी पडली होती. स्वामी आले, चहा फिरू लागला. गुरुजींनी अप्पांच्या जीवनकार्यावर बोलायला घेतलं. शरणम्मानं हळदीकुंकवाचं ताट धरलं होतं. नीलम्मा दाराशी, उंबऱ्याच्या आत उभी होती; डोक्यावरून पदर ओढून, शांत.

"मला बोलायचंय," राजेश्वरी उभी राहिली.

"बोल बाळ," गुरुजी म्हणाले. "पण थोडक्यात. मुहूर्त जवळ आलाय."

"हे मी एशियाडसाठी बांधलंय. अप्पांसाठी नाही."

लोक मायेनं हसले. गुरुजी स्वामींकडं वळून म्हणाले, "हाच तो नम्रपणा. वडिलांचा."

राजेश्वरीनं शालीकडं पाहिलं. शालीच्या बाहेर एक शेपूट आलेलं होतं आणि ते हलत नव्हतं. शाळेत असल्यापासून तिनं कधी खोटा दाखला दिला नव्हता, ग्रंथालयातलं पुस्तक घरी ठेवून घेतलं नव्हतं, रजेच्या अर्जात ताप लिहिला नव्हता. त्या सगळ्या पुण्याईवर तिनं पाय दिला.

"काल पहाटे अप्पा स्वप्नात आले होते," ती म्हणाली.

चहाचे कप होते तिथं थांबले.

"काय म्हणाले?" स्वामींनी विचारलं.

"म्हणाले, मला आत बसवताय आणि एशियाड बाहेर कुडकुडतोय. तो आत गेल्याशिवाय मी आत येणार नाही."

"बाई गं!" शरणम्मानं ताट खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. "मला वाटलंच व्हतं. दोन रोज झालं डावा डोळा लवतोय."

"दार म्या उगाच खाली ठेवलं व्हय?" गुंडाप्पा गर्दीतून ओरडला. "हात आपोआपच खाली आला व्हता."

गुरुजींनी मात्र जबाबदारी ओळखून चौकशी केली. महिनाभर खरं ऐकताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. स्वप्नाची त्यांनी नीट उलटतपासणी घेतली. "अंगावर काय होतं?"

"खाकी."

"गळ्यात शिट्टी?"

"होती."

"मग ते तेच," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

स्वामी वृद्ध होते आणि त्यांनाही थंडी वाजत होती. ते म्हणाले, "जीवाला ऊब दिली, ती शिवाला पोचली. काढा ती जाळी."

यानंतर जे झालं ते चहा गार व्हायच्या आत झालं. गुरुजींनी स्वतःच्या हातानं जाळी उपटली. शरणम्मा म्हशीच्या पुढ्यातून कुट्टी ओढून घेऊन धावत आली. समई बाहेर, पादुका वरच्या कोनाड्यात. गुंडाप्पानं आणि आणखी तिघांनी एशियाडला शालीसकट उचललं आणि 'सावकाश, डोकं सांभाळ' म्हणत आत सरकवलं. पूर्वी त्यांनी मंत्र्यालाही इतक्या अदबीनं गाडीत बसवलं नसेल. कुणी कोमट दूध आणलं, कुणी तिळाचं तेल. एशियाड कुट्टीत पडून राहिला. मग आतली ऊब त्याच्या ध्यानात आली असावी. तो धडपडत उठला, स्वतःभोवती वळला, नीट मुटकुळं केलं आणि तोंड दाराकडं करून बसला. स्वामींनी लांबून त्याच्यावर थोडी विभूती टाकली. तो शिंकला. लोकांना तो आशीर्वाद वाटला.

"आपण कुत्र्याला नमस्कार करत नाही आहोत," गुरुजींनी वाकता वाकता सगळ्यांना बजावलं.

दुपारी ग्रामसेवक आले. त्यांनी पडदा बाजूला करून आत पाहिलं. आतून एशियाड गुरगुरला. ग्रामसेवकांचा चेहरा उजळला.

"हे तर कुत्र्याचं घर आहे," ते म्हणाले. "म्याडम, मग तुम्ही आधी नाही का सांगायचं?"

राजेश्वरीनं त्यांना चहा दिला.

दिवस कलताना ती एकटी घुमटीपुढं उकिडवी बसून कुट्टी सारखी करत होती. एशियाडनं दूध संपवलं होतं, वाटी दूर ढकलली होती आणि आता तो घोरत होता. त्याच्या पोटाखाली हात घातला तर तिथं गरम लागत होतं. मागं पावलं वाजली. नीलम्मा अंगणात उतरली होती. तिनं आधी पायरीवरचा एक खडा पायानं बाजूला केला, मग पदर सारखा केला, मग उगाच रस्त्याकडं पाहिलं.

"राजू."

"काय, अव्वा?"

"आणखी काय म्हणाले?"

"कोण?"

"स्वप्नात." नीलम्मा तिच्याकडं बघत नव्हती. "कुत्र्याचं बोलले ते ऐकलं मी. माझं काही बोलले का?"

राजेश्वरीचा हात कुट्टीत तसाच राहिला. भाद्रपदापासून अप्पा एकदाही तिच्या स्वप्नात आले नव्हते. ती रोज वाट बघत झोपायची. सकाळी सगळ्या गावाला सांगितलेलं खोटं तिला जड गेलं नव्हतं, आणि आता तोंड उघडेना. पण आई उभी होती.

"बोलले ना," ती म्हणाली. "म्हणाले, नीलम्माला सांग, थंडीची भल्या पहाटे अंघोळ करत जाऊ नको. पाणी तापू दे."

तुळजापूरकडं जाणारी एक गाडी रस्त्यावरून गेली. तिचा आवाज पार वळणापर्यंत गेला तरी नीलम्मा तशीच उभी होती.

"'नीलम्मा' म्हणाले?"

"हो."

"माझं नाव घेतलं त्यांनी?"

"हो, अव्वा."

"लग्न झाल्यापासून त्यांनी माझं नाव तोंडातून काढलं न्हाय," नीलम्मा म्हणाली. "'ऐकलं का' म्हणायचे. दवाखान्यात शेवटी नर्सनं विचारलं, बाईंचं नाव काय, तर माझ्याकडं बोट केलं. 'ही सांगंल' म्हणाले."

राजेश्वरीनं मान खाली घातली. सगळा गाव ज्या खोट्याला फसला ते आईपुढं एवढ्याशा शब्दावर उघडं पडलं होतं. आता आई रागावेल, मग रडेल, आणि दोन्हीला उत्तर नाही, हे तिला दिसत होतं.

नीलम्मा चौथऱ्याच्या कडेवर टेकली. कुत्र्यापासून हातभर अंतर ठेवून, पण टेकली. तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"खोटं बोलायला तुला यायचं न्हाय कधी," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "कसं म्हणाले ते? पुन्हा एकदा सांग."

राजेश्वरीनं पुन्हा सांगितलं. या खेपेला नाव तिनं जरा सावकाश घेतलं.